मरणोन्मुखाच्या उशाशी

भाषांतराचे प्रश्न आपण बहुधा ग्रंथालयात किंवा चर्चासत्रात सोडवतो. उत्तर चुकले तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. फार तर पुढील अंकात एखादा प्रतिवाद येतो. गेल्या हिवाळ्यात असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला, पण तो एका परिचारिकेकडून. असाध्य रोगाने अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका पथकात ती काम करते. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद हा तिचा फिरतीचा मुलूख, आणि मल्याळम ही तिची मातृभाषा. प्रत्येक रुग्णाविषयी तिला एक छापील तक्ता भरावा लागतो. वेदना, झोप, भूक, श्वास, घरची आर्थिक स्थिती असे रकाने झाल्यावर अखेरीस दीड ओळीचा एक रकाना येतो. इंग्रजीतील 'स्पिरिच्युअल' या शब्दाखाली हिंदीत तेथे 'आध्यात्मिक आवश्यकता' असे छापलेले आहे. नोएडातील एका मराठी वृद्धेला सिस्टरने हा प्रश्न हिंदीतून विचारला. वृद्धेने सांगितले की देवाचे सगळे सून व्यवस्थित करते, काही कमी नाही. रकान्यात 'काही नाही' अशी नोंद झाली. परंतु औषधाची मात्रा ठीक बसून वेदना आटोक्यात आली असतानाही ही बाई रात्र-रात्र जागी राहते, हे सिस्टरच्या ध्यानात आले होते. मराठीत हा प्रश्न कसा विचारावा, एवढेच तिला माझ्याकडून हवे होते.

मला उत्तर देता आले नाही. का देता आले नाही, याचा विचार करताना जे सुचले ते भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

या रकान्याचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणोन्मुख माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मन, कुटुंब, पैसा आणि जगण्याच्या अर्थाविषयीची व्याकुळता यांनी ती विणलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'समग्र वेदना' ही त्यांची कल्पना पुढे सर्वत्र मान्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या व्याख्येतही शारीरिक व मनोसामाजिक प्रश्नांच्या जोडीला 'स्पिरिच्युअल' प्रश्न आले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 'शांती अवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस उभारले. त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीत निघाल्या. दिल्लीत हरमाला गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून उठल्यावर १९९६ साली 'कॅनसपोर्ट' स्थापन केली व घरोघरी जाऊन विनामूल्य शुश्रूषा करण्याची पद्धत या महानगरात रुजवली. ही कामे मोठी आहेत, आणि त्यांच्यात दोष काढण्याचा अधिकार आम्हा पुस्तकी माणसांना नाही. मला बोलायचे आहे ते त्या दीड ओळीविषयी.

'स्पिरिच्युअल' या शब्दामागे ख्रिस्ती परंपरेतील रुग्णसेवेचा दीर्घ इतिहास आहे. रुग्णालयाशी संलग्न असलेला धर्मोपदेशक, त्याचे रुग्णाशेजारी बसणे, कबुली ऐकणे, प्रार्थना म्हणणे, हे सारे त्या शब्दात गृहीत आहे. 'आध्यात्मिक' या शब्दात यातले काहीच नाही. मराठी माणसाला हा शब्द ऐकताच प्रवचन, गुरू, सत्संग, वेदान्त अशा गोष्टी आठवतात. 'तुमच्या आध्यात्मिक गरजा कोणत्या?' असे विचारले की साधा माणूस ओशाळतो. आपण त्या योग्यतेचे नाही, असेच त्याला वाटते. आणि महाराष्ट्रातील लक्षावधी नवबौद्धांचे काय? 'अध्यात्म' या शब्दाच्या पोटातच आत्मा आहे, आणि आत्म्याचे अस्तित्व न मानणाऱ्या धम्मात त्यांनी समजून-उमजून प्रवेश केलेला आहे. त्यांच्यापुढे हा रकाना धरणे म्हणजे, कोणाच्या मनात नसले तरी, त्यांनी सोडलेल्या घराच्या दारात त्यांना पुन्हा उभे करण्यासारखे आहे.

गंमत अशी की मूळ शब्द इतका परका नव्हता. आपल्याकडे अंतकाळी ज्या अध्यायाचे वाचन करण्याची रीत आहे, त्या गीतेच्या आठव्या अध्यायाच्या प्रारंभीच अर्जुन 'अध्यात्म' म्हणजे काय असे विचारतो, आणि त्याला मिळणारे उत्तर एका शब्दाचे आहे : स्वभाव. भाष्यकारांनी या स्वभावाला प्रत्यगात्म्यापर्यंत नेले, ते त्यांच्या दर्शनाला धरूनच होते. परंतु कोशातला साधा अर्थ घेतला तर 'आध्यात्मिक आवश्यकता' म्हणजे त्या त्या माणसाच्या स्वभावाची, त्याच्या स्वतःच्या असण्याची गरज, असा अर्थ निघतो. सॉन्डर्सबाईंना जे म्हणावयाचे होते त्याच्या हा अर्थ कितीतरी जवळचा आहे. डेव्हिड टाझ्मा या वॉर्सॉहून आलेल्या निर्वासित ज्यू रुग्णाची हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. १९४८ साली तो मरणपंथास लागला असता त्याने सांत्वनाचे काही ऐकवावे अशी इच्छा व्यक्त केली. त्यांनी पाठ असलेले स्तोत्र म्हटले आणि पुढचे पुस्तकातून वाचून दाखवू काय, असे विचारले. त्याने नको म्हटले. त्यांच्या मनात आणि अंतःकरणात जे असेल तेवढेच त्याला हवे होते. कंठस्थ आणि ग्रंथस्थ यांतला फरक मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. एका मरणोन्मुख माणसाला तो आमच्याआधी कळला होता.

आठव्या अध्यायाचाच आणखी एक धागा आहे, आणि तो रुग्णांच्या कुटुंबांना फार जाचतो. अंतकाळी ज्याचे स्मरण होईल त्या गतीला जीव जातो, या शिकवणीचा तो धागा. मॉर्फिनने वडिलांना ग्लानी येईल, तोंडी नाम येणार नाही, म्हणून औषध नको, असे म्हणणारी मुले या पथकांना भेटतात. आधीच या औषधाची वाट १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने इतकी अरुंद केली होती की गरजू रुग्णांनाही ते मिळेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने काही अडथळे दूर झाले. कायदा सुधारला, तरी ही धर्मभीती कायद्याने दूर होणारी नव्हे. डॉक्टर तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारतात, आणि कुटुंब मनातल्या मनात अपराधी होऊन गप्प बसते.

येथे भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला खरोखर काही बोलता येईल असे मला वाटते. ही भीती परंपरेला ठाऊक होती, आणि परंपरेने तिची उत्तरेही शोधली होती. कुलशेखराच्या 'मुकुंदमाले'त भक्त म्हणतो की प्राण जाताना कफवातपित्तांनी कंठ दाटेल, तेव्हा स्मरण कोठले. म्हणून मनाचा राजहंस आजच देवाच्या चरणी शिरो. तमिळमध्ये पेरियाळ्वारांनी श्रीरंगाच्या देवापुढे हीच अडचण मांडली, आणि त्या वेळेसाठीचे सांगणे आधीच सांगून ठेवले. श्रीवैष्णव परंपरा वराहाच्या मुखी जे आश्वासन घालते ते तर याहून पुढचे आहे : शुद्धीवर असताना ज्याने स्मरण केले तो अखेरीस लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, तरी आता स्मरण ठेवण्याचे काम देवाचे. अंतकाळीच्या स्मृतीची जबाबदारी रुग्णाच्या माथ्यावरून उतरवून देवाच्या माथी टाकणारा हा विचार आहे. मॉर्फिनच्या ग्लानीत असलेल्या वडिलांच्या मुलाला तो कोणी सांगितला तर त्याला किती मोकळे वाटेल! पण तो तमिळ संप्रदायाच्या पोथीत आहे आणि मुलगा गाझियाबादेत आहे. मधला पूल ज्यांनी बांधावयाचा ते आपण तौलनिक साहित्याच्या पद्धतिशास्त्रावर वाद घालीत आहोत.

मराठी संतांनी पुनःपुन्हा आठवलेला अजामिळ घ्या. भागवताच्या सहाव्या स्कंधातील ही कथा नाममाहात्म्याची म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. यमदूत दिसताच भ्यालेल्या त्या म्हाताऱ्याने देवाला हाक मारलीच नव्हती. त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते, एवढेच. अंतकाळी माणसाच्या तोंडी आपल्या माणसाचे नाव आले तर ते वाया जात नाही, हे या कथेने मान्य केलेले आहे. 'बाबांनी रामाचे नाव घेतले नाही, मलाच हाका मारीत होते', असे सांगून रडणाऱ्या मुलीला एखाद्या कीर्तनकाराने ही कथा अशी सांगावी.

आता मराठीकडे वळू. मराठी परंपरेत मृत्यूविषयी लिहिलेले पुष्कळ आहे. मरणाऱ्यासाठी लिहिलेले किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि या दोहोंत आपण गल्लत करतो. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात मृत्युनिरूपणाचा एक स्वतंत्र समास आहे. मृत्यू कोणाची भीड धरत नाही, हे तेथे ज्या आवेशाने येते तो धडधाकट, गाफील माणसाला हलवून जागे करणारा आवेश आहे. जागा झालेला, तीन महिने छताकडे पाहत पडलेला माणूस हा त्या समासाचा श्रोता नव्हे. त्याच्या उशाशी बसून तो वाचणे हे मला निर्दयपणाचे वाटते. वैराग्यपर अभंगांविषयीही तेच म्हणावे लागते. जिच्या मुलीचे लग्न राहिले आहे अशा बाईला संसार मिथ्या असल्याचे ऐकवणाऱ्याचा अधिकार तरी काय?

दुसरी अडचण आदर्शांची. ज्ञानदेवांची संजीवन समाधी, प्रायोपवेशनाने सावरकरांनी १९६६ साली आणि विनोबांनी १९८२ साली पवनारला केलेला देहत्याग, ही आपल्या मनातली मरणाची चित्रे. या सर्वांनी आपली वेळ आपण निवडली. त्यांचा अधिकार मोठा, याबद्दल वाद नाही. पण तोंडाच्या कर्करोगाने ज्याला घोटभर पाणी गिळता येत नाही, त्या रिक्षावाल्याने काही निवडलेले नाही. धीरोदात्त मरणाच्या या कथा त्याला ऐकवल्या तर त्याच्या पदरी आणखी एक अपयश पडते.

तथापि परंपरा एवढीच नाही. नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग पाहा. (त्यांच्या कर्तृत्वाचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही, कोणी का लिहिले असेनात.) तेथे जाणारा शांत आहे आणि मागे राहणारे कोसळले आहेत. विशेष हे की निवृत्तिनाथही कोसळले आहेत. ज्याने ज्ञानदेवांना ज्ञान दिले तो गुरूच धाकट्या भावासाठी बांध फुटलेल्या तळ्यासारखा वाहवत जातो, आणि कवी त्याला आवरत नाही, उपदेशही करत नाही. 'तुम्ही तरी रडू नका, त्यांना त्रास होईल', असे जेथे तेथे सांगितले जाणाऱ्या कुटुंबीयांना या अभंगांतून मिळणारी मुभा लहान नाही. हॉस्पिसच्या कार्यात रुग्णाइतकेच कुटुंबालाही महत्त्व दिले जाते. आपल्या वाङ्मयात ते सातशे वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाभोवती मिळालेले आहे.

आणि बहिणाबाई. तुकोबांची शिष्या, शिऊरची संत बहिणाबाई (१६२८–१७००). तिचे आत्मनिवेदनाचे अभंग आपण स्त्रीचे पहिले मराठी आत्मचरित्र म्हणून शिकवतो, नवऱ्याच्या मारहाणीवर आणि वासराच्या प्रसंगावर प्रश्न काढतो. तिच्या अखेरच्या दिवसांचे अभंग सहसा अभ्यासक्रमात नसतात. निर्याणाच्या वेळी मुलगा विठोबा जवळ आहे आणि त्याच्या पृच्छेवरून ती त्याला आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत सांगते, हा तेरावा. पुनर्जन्म मानावा की न मानावा, हा येथे मुद्दा नाही. या प्रसंगात आधार देणारे कोण आणि घेणारे कोण, ते पाहावे. मरणारी बाई बोलते आहे आणि जगणारा मुलगा ऐकतो आहे. ती आपल्या आयुष्याची एक संगती लावते आणि ती त्याच्या हवाली करते. कॅनडातील विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांनी २००५ साली मांडलेली 'डिग्निटी थेरपी' नावाची उपचारपद्धती आज नावाजलेली आहे. तीत रुग्णाला त्याच्या आयुष्यातले महत्त्वाचे काय, कोणाला काय सांगावयाचे राहिले, असे विचारतात. त्याचे बोलणे टिपून घेतात, नीट लिहून काढतात आणि तो लेख कुटुंबाला देण्यासाठी त्याच्या हाती सोपवतात. बहिणाबाईने आणि विठोबाने याहून वेगळे काय केले? आमच्याकडे सारे आधीच होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो, कारण आमच्याकडे ते पोथीत होते आणि चोचिनॉव्ह यांनी ते रुग्णाच्या खाटेशी नेले.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या विषयावर बोलताना एक घर टाळता येत नाही. अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाचे, जेथे ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि जेथे २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. आदल्या रात्रीची हकीकत त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी सांगितली आहे आणि धनंजय कीरांच्या चरित्रातही ती आली आहे. मधुमेहाने आणि सांध्यांच्या दुखण्याने शरीर थकलेले. संध्याकाळी जैन मंडळींचे एक शिष्टमंडळ येऊन गेले. रत्तू पाय चेपीत होते. रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लागली होती आणि बाबासाहेब तिच्याबरोबर गुणगुणत होते. नंतर कबिराचे एक पद त्यांच्या ओठी आले. मग त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना व उपोद्घात, आणि एस. एम. जोशी व आचार्य अत्रे यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती उशाशी आणून ठेवण्यास सांगितले, रात्री पाहता याव्यात म्हणून.

या खोलीतल्या भाषा मोजाव्यात. पाली वंदना, वडिलांच्या कबीरपंथी घरातून, लहानपणापासून कानावर असलेले हिंदी पद, इंग्रजीतील ग्रंथाची प्रस्तावना, महाराष्ट्रातल्या दोन माणसांना लिहिलेली पत्रे, आणि हे सगळे हाताशी ठेवणारा पंजाबचा सचिव. उपदेश करावयास कोणी नव्हते. रत्तूंनी जे केले ते पाय चेपणे, तबकडी लावणे आणि कागद जागेवर ठेवणे एवढेच होते. पण त्या दीड ओळीच्या रकान्यात काय भरावे, असे मला कोणी विचारले तर मी या रात्रीकडे बोट दाखवीन. ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

येथे माझीच एक समजूत मला सोडावी लागली. शेवटच्या आजारात मातृभाषाच हवी, असे विधान करण्याच्या तयारीत मी होतो. ते पुष्कळ अंशी खरेही आहे. दिल्लीसारख्या शहरात पन्नास वर्षे हिंदीत व्यवहार केलेली माणसे अखेरच्या आठवड्यांत आपल्या बोलीकडे परततात आणि त्यांच्या नातवंडांना ती कळत नाही. पण रत्तूंची मातृभाषा मराठी नव्हती. त्यांना बाबासाहेबांच्या खोलीतला प्रत्येक कागद कोठे आहे ते ठाऊक होते. भाषा हवी ती अशा ठाऊक असण्यासाठी; ती नसेल तर नुसती मातृभाषा पुरत नाही, याचा अनुभव मला पुढे नोएडात आला.

सिस्टरच्या सांगण्यावरून मी त्या वृद्धेकडे गेलो. जाताना तुकोबांची गाथा घेऊन गेलो, हे कबूल करावयास लाज वाटते. आठव्या मजल्यावरचे घर, खिडकीबाहेर धुरकट थंडी, कोपऱ्यात भक्तिसंगीताच्या वाहिनीवर हिंदी भजने. सून उत्तर प्रदेशची, मायाळू. सासूला मराठी ऐकावयास मिळणार म्हणून तिने आनंदाने दूरदर्शन संच बंद केला. मी तीन-चार अभंग वाचले. बाईंनी हात जोडून ऐकले. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता सर. तुमी कुण्या गावचं?" मी गाव सांगितले. त्यांचे माहेर बार्शीकडचे. पुढचा तास आम्ही ज्वारीच्या काढणीविषयी, भगवंताच्या देवळाविषयी, त्यांच्या आईच्या जात्याविषयी बोललो. आईच्या ओव्यांतली एक त्यांना अर्धीच आठवत होती. उरलेली अर्धी त्यांच्या धाकट्या बहिणीला येत असणार, अशी त्यांची खात्री होती. बहिणीशी बारा वर्षे बोलणे नव्हते, जमिनीवरून. दुसऱ्या खेपेस त्यांनी मला पत्र लिहावयास बसवले. मजकूर चार ओळींचा. त्यात जमिनीचा उल्लेख नाही. ओवीची उरलेली अर्धी ओळ तेवढी मागितली होती.

गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालवलेल्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि आज त्या अभ्यासकांना खुल्या आहेत. त्यांवर प्रबंध होतात, व्हावेतही. मला पत्र लिहिताना वाटले ते इतकेच, की या संग्रहाचा एक वाचक असाही आहे ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे आणि ज्याला एकच ओळ हवी आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती दिल्लीतील विद्यापीठांच्या भारतीय भाषा विभागांना उद्देशून आहे. या शहरात आपल्याजवळ मराठी, तमिळ, बंगाली, उर्दू, पंजाबी, असमिया जाणणारे शेकडो विद्यार्थी आहेत, आणि त्याच शहरात त्या त्या भाषांतले एकाकी रुग्ण आहेत. शुश्रूषा करणाऱ्या संस्था स्वयंसेवकांना शिक्षण देतात. त्या शिक्षणाखाली आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची इच्छा व प्रकृती असेल त्यांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी. कालिकतला १९९३ साली सुरू झालेल्या कार्यातून केरळात पुढे जी चळवळ उभी राहिली तिचा कणा शेजारीपाजारीच होते. तेथे शेजाऱ्याची आणि रुग्णाची भाषा एक होती. दिल्लीत ती एक नसते, म्हणून शेजार शोधून आणावा लागेल. पहाडगंज-करोलबागेतील जुन्या महाराष्ट्रीय मंडळींनाही यात पुष्कळ करता येईल. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ साली दिल्लीत साहित्य संमेलन झाले. त्या उत्साहातला काही भाग इकडे वळला तर वावगे होणार नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते यावेत. विशीतल्या मुलांवर मरणाचा भार का टाकावा, हा त्यांतला सर्वांत खरा. सर्वांवर टाकू नये. आणि ज्यांनी उचलला त्यांना एकटे सोडू नये. दुसरा आक्षेप धर्मप्रसाराचा. उशाशी बसण्याची परवानगी मिळाली की काही लोकांच्या झोळीतून ग्रंथ आणि मते बाहेर पडू लागतात, ही भीती अनाठायी नाही. माझ्या झोळीतूनही गाथा निघालीच होती. न विचारता काही वाचावयाचे नाही, आणि रुग्णाने 'राहू द्या' म्हणताच पुस्तक मिटावयाचे, हा नियम कडकपणे पाळावा लागेल. मुसलमान रुग्णाच्या घरी यासीन सुरा कोणी म्हणावी, शीख रुग्णाजवळ सुखमनी साहिब कोणी, हे त्या घराने ठरवावयाचे. काही आजाऱ्यांना यातले काहीच नको असते. क्रिकेटची धावसंख्या वाचून दाखवणारा मुलगा त्यांना हवा असतो, आणि तो मिळावा. हे काम संशोधनाचे साधन होऊ नये, असेही मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. मरणाऱ्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून पुढे परिशिष्टात छापण्याची घाई आपल्या व्यवसायात सहज सुचणारी आहे. ते लेखन त्याचे व त्याच्या घरचे.

सिस्टरला मी अखेरीस तीन प्रश्न लिहून दिले, मराठीत, आणि त्यांचा उच्चार तिच्याकडून घोटून घेतला. 'तुमचं गाव कोणतं?' 'कोणाची आठवण येते?' 'काही सांगायचं, लिहायचं राहिलंय का?' यांत 'अध्यात्म' नाही, देवही नाही. ज्याला आणावयाचा असेल तो उत्तरात आणील. तमिळ आणि बंगाली रूपे विभागातल्या सहकाऱ्यांनी करून दिली; उर्दूतल्या तिसऱ्या प्रश्नावर दोघांचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. छापील तक्ते बरेच शिल्लक असल्याने ते संपेपर्यंत सिस्टर हे प्रश्न पेन्सिलीने समासात लिहून घेते. बार्शीहून उत्तर आले ते पत्राने नव्हे, दूरध्वनीने. ओवी पूर्ण झाली की नाही ते मला कळले नाही. दोघी बहिणी पाऊण तास बोलत होत्या, असे सुनेने सांगितले, आणि तिला त्यातले एक अक्षर समजले नव्हते.